एका अक्षराची चूक

निधी फक्त मानवरहित यानाला द्यायचा, माणसं पाठवणं परवडत नाही, असं बैठकीत ठरलं. टंकलेखिकाबाईंनी ठराव टाईप केला, साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली आणि मंत्र्यांनी टीव्हीवर जाहीर करून टाकलं, "आपलं मानवसहित यान मंजूर!"

आता माघार घ्यायची कुठल्या तोंडाने? साहेब बाईंवर कडाडले, "'र'च्या जागी 'स'? तेही एकदा नाही, अकरा वेळा?"

"वय झालं, साहेब. बोट घसरतं," म्हणत बाई मान खाली घालून बाहेर आल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"पोरी, तुझा सहा वर्षांचा सराव कामी आला बघ. स्वेटर तेवढा आठवणीने ने, वर थंडी असते म्हणे."