रानाचा धनी

भाताची झोडणी उरकली, की वर्षातून एक दिवस धोंडीबाई सगळं घर घेऊन माहुलीच्या गडावर जायची. भाकऱ्या घरच्या, पाणी गडावरच्या टाक्यातलं आणि आपला पणजा कुठल्या दरवाज्यावर पहारा द्यायचा, ती गोष्ट तिच्या तोंडची. बत्तीस साली मात्र पायथ्याच्या वाघोबापाशी, जिथं सगळा गाव पायताण काढून हात जोडतो, तिथंच जंगलखात्याचा शिपाई काठी आडवी धरून उभा राहिला.

"रान सरकारचं हाय गो म्हातारे. साहेबाचा परवाना दाखव, नायतर फिर माघारी."

"आमी वाघोबाला इचारून जातो. रान त्याचं."

"दगडाला इचारून आता भागायचं नाय."

सुना घाबरून मागं वळल्या. धोंडीबाई जागची हलली नाही. तिनं शिपायाच्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग दहा पावलं मागं जाऊन, वाटेच्या कडेला जोडीनं काढून ठेवलेले सरकारी बूट उचलून आणले आणि त्याच्यापुढं ठेवले.

"हे घाल, नि वाघोबाच्या म्होरं उभा रा. तू घातलेस, तर आमी फिरतो माघारी."