निळ्या चौकड्यांचा शर्ट

बक्षीस मिळालेला निबंध वाचायला तिने तोंड उघडलं आणि पहिल्या रांगेत बाबा दिसले. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. तो औषधवाल्या काकांचा होता, कालच इस्त्रीला आलेला. आणि काका स्वतः तिसऱ्या रांगेत बसले होते.

बाबांचं इस्त्रीचं दुकान कधी बंद राहत नाही, तेव्हा घरचं कुणी येणार नाही असं ती धरून चालली होती. पण बॅरिस्टरला पहिलं बक्षीस म्हटल्यावर दुकान कसलं आणि काय कसलं! बाबा, आई, आत्या तासभर आधीच येऊन बसले होते.

बॅरिस्टर हे तिचं घरातलं नाव. पोरगी जेवताना वाचायची, गच्चीच्या कठड्यावर पाय सोडून वाचायची, कपडे गुंडाळायला आणलेली रद्दीसुद्धा सोडायची नाही. वेणी घालायला म्हणून कधी हाती लागेल तर शपथ. मनात येईल ते कुणाच्याही तोंडावर बोलायची आणि बाबांना त्याचंही कोण कौतुक! आमची पोरगी खरं बोलायला कुणाला भीत नाही, हे एकूण एका गिऱ्हाइकाला ऐकावं लागायचं.

ग्रंथालयाच्या स्पर्धेसाठी तिने 'माझं घर' लिहिलं. त्यात लिहून बसली की बाबांचे स्वतःचे शर्ट दोनच, पण कुठे समारंभाला जायचं झालं की ते गिऱ्हाइकाचा झकास शर्ट घालून मिरवतात आणि मग धुऊन, इस्त्री करून ज्याचा त्याला परत देतात. लिहिताना तिचं तिलाच हसू आवरत नव्हतं.

आता तिने तेवढा भाग गाळला आणि पुढचं वाचायला घेतलं. ग्रंथपाल बाईंनी तिला थांबवलं. शर्टांची गंमत राहिली की, त्यासाठीच तर तुला पहिला नंबर दिला, असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मानेनेच खूण केली, वाच.

तिने वाचलं. लोक खो खो हसले. मग तिसऱ्या रांगेतलं हसू थांबलं आणि मागचे लोक माना उंच करून बाबांच्या पाठीकडे बघायला लागले. आईने मान खाली घातली. बाबा ताठ बसून राहिले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

दुसऱ्या दिवसापासून लोक आपापले गठ्ठे परत न्यायला लागले. भांडलं कुणी नाही. कपडे मोजून घ्यायचे आणि जायचे. तिची तर बाबांसमोर जायची छाती होईना. तिसऱ्या दिवशी टेबलावर त्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाखेरीज एकही कपडा नव्हता. ती मागच्या खोलीत पुस्तक उघडून बसली, पण एक ओळ डोक्यात शिरेल तर ना. आपल्याच बापाला आपण चारचौघांत उघडं पाडलं. तिला स्वतःची लाज वाटत होती, नुसती लाज.

संध्याकाळी औषधवाले काका आले. ती दाराआड उभी राहिली. आता बाबांना काय काय ऐकून घ्यावं लागणार, या विचारानेच तिचे कान तापले.

"विश्वासाने देत होतो हो मी तुमच्याकडे," काका एवढंच म्हणाले.

"चुकलं माझं, साहेब. पुन्हा नाही व्हायचं."

काकांनी शर्ट पिशवीत टाकला आणि ते पायरी उतरले. बाबा लगबगीने त्यांच्यामागे गेले.

"साहेब, एक विचारायचं होतं. मला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही शिकलेले," बाबा म्हणाले. "पोरीनं लिहिलंय कसं, तेवढं सांगा ना."