कॉपी बंद

“मॅडम, प्रोग्राममधल्या या ऑब्जेक्टची कॉपी का होऊ द्यायची नाही?” टीममधल्या नव्या मुलीने फोनवर विचारलं.

“दोन्ही कॉप्यांच्या हाती फाइल एकच असते,” शलाका म्हणाली. “एक संपताना ती बंद करून जाते. मग दुसरी नुसतीच उरते.” कॉपीला बंदी घालणारी ओळ लिहून तिने लॅपटॉप मिटला.

तिच्या जुळ्या बहिणीचं तेरावं कालच झालं होतं. बाहेर मामा आईला सांगत होते, “ताई, जावई शलाकाशी लग्नाला तयार आहेत. चेहरा तोच, आवाज तोच. आठ महिन्यांच्या लेकराला काय कळतंय?”

आईने आत येऊन गेलेल्या लेकीची अबोली साडी पुढे केली. शलाका ती नेसून बाहेर आली. तिच्या आत काही हललंच नाही.

मामांनी बाळ तिच्या मांडीवर दिलं. ते तिच्याकडे बघून खुदकन हसलं, तिच्या मानेत तोंड खुपसून क्षणभर थांबलं, आणि मग मान वळवून दाराकडे बघत बसलं.

“बघ, रडलंसुद्धा नाही!” मामा म्हणाले.

“आईची वाट बघतंय ते, मामा,” शलाका म्हणाली. “मीही तिचीच बघतेय.”

बाळ आजीच्या हाती देऊन ती साडी बदलायला आत गेली.