तबकडीवरचा यशराज

"उलटा? काका, चेहरा उलटा काढू?" क्षिप्राने डोळ्यावरचं भिंग काढून समोरच्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं.

"उलटा अन् थोडा तिरपा," निवृत्त सुभेदार खंडेराव म्हणाले. "डोकं सात-आठच्या मधे, हनुवटी एक-दोनच्या मधे. आकडे बिल्कुल हलवायचे नाहीत."

नोएडातल्या आपल्या छोट्याशा स्टुडिओत क्षिप्रा जुनी घड्याळं चालू करून द्यायची आणि तबकडीवर मागाल ते रंगवायची. मोर म्हणा, तारांगण म्हणा, एका हौशी गृहस्थाला तर तिने जिलेबी काढून दिली होती! पण हे घड्याळ यशराजचं होतं. खंडेरावांचा एकुलता एक मुलगा सीमेवर शहीद झाला, तेव्हा त्याच्या सामानाबरोबर घरी आलेलं. त्याची लेक प्रज्ञा तेव्हा पाळण्यात होती. बापलेकीची धड भेटसुद्धा झाली नव्हती.

आता तीच प्रज्ञा लेफ्टनंट होऊन रविवारी लक्ष्मीबाई नगरला येणार होती. खंडेराव तिथंच, सुनेच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. त्याआधी घड्याळ चालू हवं होतं आणि त्यावर यशराज हवा होता.

"तिच्या बापानं तिला वर्दीत बघायला पाहिजे," खंडेराव म्हणाले. क्षिप्राला अगदी गलबलून आलं.

म्हणूनच तिने त्यांचं ऐकलं नाही. साठी बुद्धी नाठी, म्हातारबाबांचा काहीतरी घोटाळा झालाय, असं ठरवून तिने चेहरा चांगला सरळ रंगवला. खंडेरावांनी दिलेल्या फोटोवरून, बारीक कुंचल्याने मिशी, भुवया, अगदी गालावरची खळीसुद्धा. स्वतःच्याच कामावर खूश होऊन तिने घड्याळ पुढे केलं.

खंडेरावांनी ते उजव्या मनगटावर चढवलं. तबकडी आतल्या बाजूला, बरेच फौजी घालतात तशी. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

"पूस, पोरी."

"अहो, पण सरळच किती छान दिसतोय! उलटा काढला तर तुम्हाला कसा दिसणार?"

"मला तो रोज दिसतो," खंडेराव म्हणाले. "आरशासमोर उभं राहून माप घेतलंय मी. सांगितलं तसं कर."

हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं! क्षिप्राने रागारागात सगळं पुसलं आणि पुन्हा रंगवलं, उलटं आणि तिरपं. एका शहिदाचं डोकं खाली करताना तिचा जीव तुटत होता. एरवी प्रत्येक तबकडीवर ती काठाशी आपली बारीकशी सही करायची. या वेळी केली नाही. बघणारे म्हणतील, हिला साधा चेहरा बसवता येत नाही.

रविवारी खंडेरावांनी तिलाही आग्रहाने बोलावलं. नाही म्हणवेना म्हणून ती गेली.

क्वार्टरच्या फाटकाशी शेजारीपाजारी जमले होते. खंडेराव अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर पदकं लावून, डोक्यावर जुनी फौजी टोपी घालून ताठ उभे होते. टॅक्सी थांबली. वर्दीतली प्रज्ञा उतरली आणि आजोबांना बघताच तिचं सगळं लेफ्टनंटपण विरघळलं. पाया पडायला ती धावतच पुढे आली.

"थांब!" खंडेराव गरजले. "आधी सुभेदाराचं काम."

टाचेवर टाच आपटली. उजवा हात झटक्यात कपाळापाशी गेला, तळवा समोर.

"जय हिंद, साहेब!"

प्रज्ञाचाही हात कडक वर गेला. मग तिची नजर आजोबांच्या मनगटावर पडली.

"बाबा..."

प्रज्ञाच्या मागे उभ्या असलेल्या क्षिप्राने टाचा उंचावून पाहिलं. आजोबांच्या मनगटावरून यशराज अगदी सरळ, ताठ मानेनं लेकीकडे बघत होता.