कैद्याच्या चेहऱ्यावरचा अंधार

"इथं उजेड पाड," कोतवाल प्रोस्पेरो म्हणाला आणि त्यानं काठीचं टोक चित्रातल्या कैद्याच्या चेहऱ्यावर रोखलं.

इपोलितानं कुंचला खाली ठेवला नाही. "नाही पाडता येणार, कोतवालसाहेब. तोल जाईल."

"कुणाचा?"

"चित्राचा. देवदूताच्या हातात दिवा आहे. त्याचे पंख, त्याची बाही, खालचं गवत, सगळं उजळलंय. एवढा उजेड पेलायला समोर तेवढाच दाट अंधार लागतो. कैद्याचं तोंड उजळलं की दिवा विझल्यासारखा दिसेल."

नेपल्सच्या चित्रकारांची रीतच होती ती. कापडाला आधी काळपट तपकिरी अस्तर द्यायचं, ते वाळलं की सफेद्यानं, म्हणजे पांढऱ्या रंगानं, त्यातून उजेड वर काढायचा. अंधार कुणी रंगवत बसत नसे, तो राहू द्यायचा. कैद्याच्या खांद्यावर, गुडघ्यावर, बेडीवर रंग चढला होता. चेहऱ्याच्या जागी मात्र उघडं अस्तर होतं.

"मला शहाणपण शिकवू नकोस," कोतवाल गरजला. "हा खांदा मी ओळखतो. फुल्वियोचा आहे हा, तुझ्या भावाचा! तो इथं येऊन बसतो तुझ्यासमोर. होय ना?"

"बंदरावरचा एक हमाल बसतो."

"नाव काय त्याचं?"

"हमालाला कोण नाव विचारतं?"

फळांवरच्या जकातीपायी शहर पेटलं, तेव्हा नाका जाळणाऱ्यांत फुल्वियो होता. त्या दिवसापासून तो घरी आला नव्हता. पडद्यापलीकडे दोघा भावंडांची आई, कार्मोझिना, अंथरुणाला खिळली होती. तिचा सगळा जीव लेकात. तो कोतवालाला सापडला असं नुसतं कानावर आलं तरी म्हातारी हाय खाईल, ही धास्ती इपोलिताला रात्रंदिवस असायची. या घरात आता आईचीच काय ती सोबत होती.

"काय रे कोतवाला," पडद्याआडून आवाज आला, "गावला का माझा लेक?"

"गावेल, म्हातारे! ज्वालामुखीच्या बिळात शिरला तरी शेपटी धरून ओढीन!"

"अरे जा! तुला तुझी बायको घरात सापडत नाही, तू माझा फुल्वियो काय शोधणार!"

कोतवालाचे कान लाल झाले. त्यानं पेटी उलटी केली, गवताची गादी काठीनं झोडपली, धुराड्यात डोकं घालून शिव्या दिल्या. साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी आदळआपट चालली होती. फळीवरचं रंगाचं एकही बोळकं फुटलं नाही, हे नशीबच म्हणायचं.

"पुन्हा येईन," तो दारातून ओरडला. "तेव्हा हे तोंड उजळलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर चित्र जप्त!" आणि जिना दणाणत तो खाली गेला.

"इपोलिता," आई हसत हाक मारत होती, "मेला हात हलवत गेला बघ! भूक लागली गं मला. घेवड्याचं सूप आहे का?"

कोतवाल येऊन गेला की म्हातारीला हमखास भूक लागायची. इपोलितानं वाडगा तिच्या हातात दिला, पाठीशी उशी सारली. परत येऊन ती चित्रासमोर उभी राहिली. तोलाचं ती जे बोलली, ते खोटं नव्हतं. पण सगळं तेवढ्यावरच अडलं होतं असंही नाही. त्या तपकिरी डागाकडे बघत तिनं कुंचला सफेद्यात बुडवला, पण हात पुढे जाईना.

मग ती दाराला अडसर घालायला खाली उतरली.

कोतवाल गेलाच नव्हता. उंबऱ्याशी उभा होता, डोक्यावरची टोपी काढून.

"शंका नाही ना आली तिला?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"नाही. जेवतेय ती. तुम्ही शोधताय तोवर तिच्या लेखी तिचा लेक जिवंत आहे."

"मग येईन पुढच्या गुरुवारी. बायकोवरून बोलते ते मात्र झोंबतं हं."

इपोलिता हसली नाही. तिनं दाराची कड घट्ट धरली होती.

"साहेब, मला तो आठवतच नाही हो. खांदे आठवतात, हात आठवतात. चेहरा आणायला जावं तर हाती काही लागत नाही. तुम्ही त्याला माती दिलीत, तेव्हा उजाडलं होतं ना? त्याच्या कुठल्या गालावर उजेड होता?"

कोतवालानं हातातली टोपी एकदा फिरवली.

"डाव्या," तो म्हणाला. "उजवा बघवत नव्हता, पोरी. मी ह्या टोपीनं झाकला होता."