जोन्सची दाढी

रविवारी खेळणं पाप, असं कॉलेजात शिकवणारे पास्टर ब्रेके टोपी कपाळावर ओढून रविवारीच मिनेसोटातल्या एका नाचघरात भरलेला बास्केटबॉलचा सामना बघत बसले होते. तीन वर्षं कॉलेजला जिंकवणारा इंगवाल इथे खोटी दाढी लावून, जोन्स नावाने गिरणीच्या संघातून पैसे घेऊन खेळतो, असा त्यांचा संशय. खरं निघालं तर कॉलेजातून त्याचं नाव कटणार. जोन्स फ्री थ्रोला उभा राहिला. त्या काळच्या चेंडूचं तोंड चामडी वादीने आवळलेलं असे; ती वादी त्याने पोटाकडे वळवली, इंगवालचीच लकब. तेवढ्यात त्याला पास्टर दिसले. झटकन वादी फिरवून त्याने चेंडू कसातरी भिरकावला. नेम हुकला. पास्टरांची खात्री पटली. परका कशाला बिचकेल? दारात त्यांनी जोन्सला गाठलं. “आमचा इंगवाल भेटला तर सांगा, उद्या तोंड दाखव म्हणावं.” जोन्सने दाढी कुरवाळली. “सांगतो की. पण रविवारच्या खेळाला कोण आलं होतं म्हणून सांगू?”