रडवणारा आवाज

पाचवा सॅक्सोफोन चुई-बोकनं टेबलावर जवळजवळ आपटलाच.

"हाही तसलाच. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा."

हुई-लाननं तो उचलून पुसला आणि सहावा पुढे केला. होऊली गावातल्या या कारखान्यात तयार सॅक्सोफोन वाजवून पारखायचे, हे तिचं काम. बारा वर्षांत गिऱ्हाइकांचे सगळे नखरे तिनं पाहिले होते.

"काका, याचा भोंगा काशाचा आहे, आवाज जाड निघतो. भिंतीकडे तोंड करून वाजवा, म्हणजे स्वतःचा नीट ऐकू येईल."

चुई-बोकनं भिंतीकडे वळून अंत्ययात्रेतली संथ चाल धरली. वरचे सूर किनरे लागले, खालचे नुसतेच घरघरले. त्याचा जीव जळत होता. तीस वर्षं तो मयताच्या बँडमध्ये सगळ्यांत पुढे चालला होता. तो वाजवायला लागला की परकी माणसंसुद्धा डोळे पुसायची. आणि परवा ऐन दारातून शवपेटी निघताना मयताची सून मोबाइल बघत उभी. बँडमास्तरनं तिथेच सुनावलं, नवं वाद्य घे, नाहीतर रविवारपासून मागे झांजा वाजव.

"पहिला बरा होता," कोपऱ्यातल्या स्टुलावरून त्याची बायको सो-चू म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तीस वर्षं ऐकतेय. कळत नसलं तरी कान किटलेत."

सहावा ठेवला, सातवा घेतला. तो रुपेरी होता, त्याचा आवाज नाकातून आला. आठवा तर त्यानं दोन सुरांतच परत केला. "सगळे मेले एकाच आईचे," तो पुटपुटला.

हुई-लाननं तोच आठवा घेतला, आपलं माउथपीस लावलं आणि चारच सूर वाजवले. खोली भरून गेली. चुई-बोकचा चेहरा पडला. ती त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होती.

"काका, पुढचे दात नवे आहेत का?"

उत्तर सो-चूनं दिलं. "कवळी आहे. गेल्या महिन्यात बसवली. सुपारी खाऊन खाऊन वरचे सगळे गेले, सहा वर्षं बोळकं घेऊन हिंडत होते. आता पोरीचं लग्न ठरलंय, व्याह्यांपुढे बरं दिसायला नको? चारचौघांत काढायची नाही, अशी शपथच घातलीय मी."

"म्हणजे सहा वर्षं दातांशिवाय वाजवत होतात?"

"ओठ आत मुडपून," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

हुई-लान आपलं माउथपीस काढून फडक्यानं पुसू लागली. चुई-बोकनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. त्यानं पाठ वळवली, कवळी काढून खिशात टाकली आणि हाताला लागला तो सॅक्सोफोन उचलला. कितवा ते बघितलंही नाही.

चाल तीच होती. पण आता पहिलाच सूर घोगरा, ओला निघाला आणि हलकेच चिरत गेला. आतल्या खोलीतली ठोकाठोक थांबली. फडकं हातात घेऊन हुई-लान तशीच उभी राहिली. चाल संपली तरी चुई-बोक वळला नाही. तसल्या तोंडानं बायकोकडे बघायची त्याची हिंमत होईना.

सो-चू उठली आणि त्याच्यापुढे हात केला.

"द्या ती इकडे. खिशात सुपारीचा चोथा असतो तुमच्या."

त्यानं मुकाट्यानं कवळी तिच्या हातावर ठेवली.

"मयताला कोण बघतंय तुमच्या तोंडाकडे?" ती बाहीनं डोळे पुसत म्हणाली. "मला तरी कुठे धड दिसतंय."